परत न येणाऱ्या तक्रारी

बांधकामाच्या परवान्याचे नूतनीकरण करायचे तर ठरावीक तासांचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते तास भरून देणाऱ्या वर्गांत मी शिकवतो. या अटीविषयी कंत्राटदारांना काय वाटते हे मला मुद्दाम विचारावे लागत नाही. ते त्यांच्या बसण्यावरूनच कळते. मागच्या बाकांवर कोणी हलक्या आवाजात काँक्रीटची गाडी मागवत असतो, आणि लक्ष देऊन ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरही आजचा दिवस साइटवर गेला असता तर बरे झाले असते, हा भाव असतो. मला त्यांचा राग येत नाही. अभ्यासक्रमाचा बराचसा भाग त्यांना खरोखरच पाठ असतो.

ज्या वर्गाविषयी लिहितो आहे, त्याचे सकाळचे सत्र करारपत्रे आणि नोंदवह्या यांत गेले. ते संपत असताना एक ज्येष्ठ कंत्राटदार उभे राहिले. वर्गातले सगळेच त्यांना काका म्हणत होते. "सर, मी गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलत वर आलो," ते म्हणाले. "भिंत ओळंब्यात नसली तर मला लांबून दिसते. स्लॅब गळला की मालकाचा फोन येतो, आणि त्या फोनांनी मला जे शिकवले ते कोणत्या वर्गाने शिकवलेले नाही. मग दर खेपेला इथे बसवून शुल्क कशासाठी घेता?" बाके वाजली. फरशीकाम करणाऱ्या एक कंत्राटदार बाई म्हणाल्या, की मोठ्या कंपन्यांना एक माणूस वर्गाला पाठवणे जड जात नाही, पण त्या स्वतः इथे आल्या की त्यांचे काम बंद पडते. हे दोन्ही आक्षेप खरे होते आणि ते खोडून काढण्यात मला स्वारस्य नव्हते.

मी काकांना एवढेच विचारले, की ज्या चुकीसाठी मालकाचा फोन येतच नाही, ती तुम्हाला कोण शिकवणार? न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात बाहेरून सलग गिलावा केलेली, आत प्रक्रिया न केलेल्या लाकडाचा सांगाडा असलेली घरे मोठ्या संख्येने बांधली गेली. गिलाव्यामागे पोकळी नसल्यामुळे आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती, आणि लाकूड भिंतीच्या आत कुजत राहिले. ही घरे बांधणाऱ्यांत अनुभवी माणसे होती. पण दोष उघडा पडेपर्यंत त्यांची पुढची कितीतरी घरे त्याच पद्धतीने उभी राहिली होती. तिथला २००४ चा इमारत कायदा आणि त्यातून आलेली परवानाधारक बांधकाम व्यावसायिकांची पद्धत यांच्यामागे हे प्रकरण आहे.

कॉलमच्या उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या रिंगांचेही तसेच आहे. रिंगेच्या टोकाचा हूक १३५ अंशांत वळवून कॉलमच्या गाभ्यात घेतला नाही आणि ९० अंशांवरच सोडला, तर रोजच्या भाराखाली काहीही बिघडत नाही. भूकंपात बाहेरचे काँक्रीट उडाले की असा हूक उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. तोवर त्या हुकाची तक्रार घेऊन कोणीही येत नाही. काका म्हणाले, "ते मला माहीत आहे. पण दाट सळयांत तसली रिंग घालताना फिटरचे हात सोलतात, म्हणून तो हूक सरळच ठेवतो. आणि तो काही तुमच्या वर्गात नाही."

जेवणानंतरचे सत्र धुळीचे होते. कार्यशाळेत काचेपलीकडे शोषणयंत्र बसवलेली कापणीची खोली आहे. योग्य तो मास्क लावून मी आत गेलो आणि कृत्रिम क्वार्ट्झच्या लादीवर कटर कोरडाच चालवला. दिवे चालू असताना बाहेरून पाहणाऱ्यांना थोडा पांढरा धूर दिसला. मग दिवे बंद करून माझ्या मागून एक प्रखर झोत काचेच्या दिशेने सोडला. एरवी न दिसणारी धूळ अशा झोतात चमकते. ती माझ्या खांद्यांवरून, मास्कभोवती, पार छतापर्यंत पसरलेली होती. त्यानंतर पाणी सोडून तसाच काप घेतला, तेव्हा झोतात फारच थोडे तरंगताना दिसले.

अशा काही लाद्यांत सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असते, आणि फुप्फुसात खोल जाणारे तिचे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारावर, म्हणजे सिलिकोसिसवर, बरे करणारा उपचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकी सिलिकाची धूळ १९९७ मध्येच कर्ककारक ठरवली, आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवणे, विकणे, कापणे आणि बसवणे यांवर बंदी आणली. मास्कची कड त्वचेला घट्ट बसली नाही तर तो निरुपयोगी ठरतो, हे सांगताना वर्गातले दाढीवाले एकमेकांकडे पाहू लागले.

फरशीवाल्या बाईंनी विचारले, की धाप लागायला किती वर्षे जातात. मी म्हटले, बहुतेकदा दहाहून अधिक. धूळ फार असेल तर त्याच्या कितीतरी आधी. तोवर कटर चालवणारा माणूस त्यांच्याकडे कामाला असेलच असे नाही, हे त्यांनीच पुढे जोडले.

काका मात्र चिडले होते, आणि त्यांचा राग आता वेगळ्याच ठिकाणी वळला होता. "हे दाखवायचे सोडून सकाळभर नोंदवह्या का शिकवल्या?" ते म्हणाले. "शिवाय हे बघितले कोणी? मी. कटर माझ्या हातात नसतो. हाच झोत घेऊन साइटवर या, माझ्या पोरांना दाखवा आणि ते तास माझ्या परवान्यात धरा." बहुतेकांना ते पटले. मीही अभिप्रायाच्या अर्जात ही मागणी त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवली. साइटवरच्या हजेरीची पडताळणी करता येत नाही, असे उत्तर आले.

त्या दिवशी वर्गातला वाद मात्र हजेरीवर अडला नव्हता. अर्धा दिवस कटर बंद ठेवून माणसे शिकायला बसली, तर त्या वेळची मजुरी कोणी द्यायची, यावर तो अडला. काका म्हणत होते की परवाना देणाऱ्यांनी द्यावी. बाईंचे म्हणणे होते की शिकण्याचा खर्च कामाच्या दरातच धरला पाहिजे, पण तो सगळ्यांनी धरला तरच, नाहीतर जो धरणार नाही त्याचाच दर कमी येऊन काम त्याला जाईल. प्रमाणपत्रे वाटून झाली तरी ते दोघे फाटकाशी उभे राहून हेच बोलत होते.