ऑफिसचं मेल 'टाइम्ड आउट' होत होतं, शोधता शोधता पोचलो झेरॉक्स मशीनपर्यंत : माझा अनुभव

माझ्या मामांचं पिंपळगाव बसवंतला द्राक्ष एक्स्पोर्टचं छोटं ऑफिस आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे कोणाला मान वर करायला वेळ नसतो, कंटेनर न्हावा शेवाला निघाला की मागोमाग पॅकिंग लिस्ट, फायटो सर्टिफिकेट, रेसिड्यू रिपोर्ट, बिल ऑफ लेडिंग सगळ्यांच्या स्कॅन कॉप्या नेदरलँडच्या पार्टीला मेलवर गेल्या पाहिजेत. आणि ऐन त्याच दिवसांत मेल बंद पडलं. थंडरबर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्रॅम, उघडलं की खाली चक्र फिरत राहायचं आणि मग मेसेज, सर्व्हरशी कनेक्शन टाइम्ड आउट. येणारं मेल नाही, जाणारं पण नाही.

मामांचा फोन आला, "अरे माझ्या मोबाईलवर तर सगळं येतंय, म्हणजे त्या कॉम्प्युटरचंच काहीतरी झालंय, तू येऊन बघ बरं." मी नाशिकला असतो, गेलो.

होस्टिंगवाल्यांच्या, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर हे मेल चालतं त्यांच्या, हेल्पडेस्कला त्यांनी आधीच फोन केला होता. तिकडून उत्तर, आमच्याकडून सर्व्हर चालू आहे, तुम्ही अकाउंट डिलीट करून परत टाका. इथे मी मामांना पहिल्यांदा थांबवलं आणि कळकळीने सांगतो, तुम्ही पण थांबा. हे अकाउंट पीओपीवर होतं. पीओपीमध्ये मेल सर्व्हरवरून उतरून कॉम्प्युटरवर येतं आणि थंडरबर्डमध्ये सहसा 'सर्व्हरवर जास्तीत जास्त १४ दिवस ठेवा' अशीच सेटिंग असते, म्हणजे त्याआधीची सगळी पत्रं, ऑर्डरी, पेमेंटच्या चर्चा फक्त त्या एका हार्डडिस्कवर. अकाउंट काढताना चुकून 'मेसेज डेटा पण काढा' वर टिक झाली तर सीझनचा हिशोब गेला. म्हणून आधी हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून प्रोफाइल फोल्डर (ज्यात थंडरबर्डची सगळी मेलं असतात) कुठे आहे ते बघितलं, थंडरबर्ड बंद केलं, आणि अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केला. मगच बाकीचं.

आता मेसेजकडे नीट बघितलं. पासवर्ड चुकला असता तर लॉगिन फेल झालं असं आलं असतं. इथे तसं नव्हतं, टाइम्ड आउट होतं. हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि लोक तो वाचतच नाहीत. समजा तुम्ही कोणाच्या दारात गेलात, बेल वाजवली आणि आतून काहीच आवाज नाही, तर तो टाइम आउट. कोणी दार उघडून 'इथे असं कोणी राहत नाही' म्हणालं तर तो कनेक्शन रिफ्यूज्ड. आणि आत बोलावून 'तुम्ही कोण, ओळख पटत नाही' म्हणाले तर तो पासवर्डचा घोळ. आमच्याकडे बेलला उत्तरच येत नव्हतं, म्हणजे पासवर्ड विचारायची पाळीच आली नव्हती, तरी ऑफिसातल्या सगळ्यांनी सकाळपासून तो दहादा टाकून बघितला होता.

विंडोजमधलं कमांड टाइप करायचं पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड चालवली, पुढे मेल सर्व्हरचं नाव आणि पोर्ट (सर्व्हरचं नंबर असलेलं दार) ९९५, कारण सुरक्षित पीओपी त्याच पोर्टवर चालतं. उत्तर फॉल्स, म्हणजे लागत नाही. मेल पाठवायचं पोर्ट ४६५ बघितलं, फॉल्स. ५८७, तेही फॉल्स. नाव मात्र बरोबर आयपी ॲड्रेसमध्ये, म्हणजे आकडी पत्त्यात, बदलत होतं, म्हणजे डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा) प्रॉब्लेम नाही. मग सहज म्हणून मामांच्या कंपनीची वेबसाइट उघडली, ती पण त्याच सर्व्हरवर आहे, ती उघडेना. बाकी इंटरनेट एकदम व्यवस्थित. आणि माझ्या फोनच्या डेटावर तीच वेबसाइट लगेच उघडली.

तिथे मला अर्धं उत्तर मिळालं. फोनचा हॉटस्पॉट चालू केला, कॉम्प्युटर त्याला जोडला, थंडरबर्डमध्ये गेट मेसेजेस दाबलं आणि अडकलेली सगळी मेलं धडाधड उतरली. कॉम्प्युटर ठीक, थंडरबर्ड ठीक, पासवर्ड ठीक. मामांच्या मोबाईलवर मेल येत होतं ते याचमुळे, पॅकहाउसमध्ये वायफाय पोचत नाही म्हणून त्यांचा फोन कायम डेटावर असतो. म्हणून माझं ठाम मत आहे, एकही सेटिंग बदलायच्या आधी नेटवर्क बदलून बघा. हॉटस्पॉटला दोन मिनिटं लागतात आणि निम्म्या शंका तिथेच संपतात.

तातडीची कागदपत्रं हॉटस्पॉटवरून पाठवून दिली आणि मग होस्टिंगवाल्यांना पुन्हा फोन, पण या वेळी 'मेल चालत नाही' असं न म्हणता सांगितलं की आमच्या ऑफिसचा पब्लिक आयपी (बाहेरून दिसणारा पत्ता) हा हा आहे, यावरून तुमच्या सर्व्हरचं एकही पोर्ट लागत नाही, दुसऱ्या नेटवर लागतं, तुमच्या फायरवॉलमध्ये (नको ती कनेक्शनं अडवणाऱ्या पहारेकऱ्यात) हा आयपी ब्लॉक आहे का बघा आणि कुठल्या कारणाने ते लॉगमधून सांगा. या वेळच्या मुलाने खरंच बघितलं. ब्लॉक होता. मेल पाठवताना एकाच मेलबॉक्सला सारखा चुकीचा पासवर्ड येत होता म्हणून सर्व्हरने तो आयपी आपोआप बंद केला होता. फेल-टू-बॅनसारखे प्रोग्रॅम हेच करतात, लॉग वाचत बसतात आणि ठरावीक वेळात ठरावीक चुका झाल्या की तो आयपी फायरवॉलमध्ये टाकतात. त्याचं मूळ सेटिंग १० मिनिटांत ५ चुका आणि १० मिनिटं बंदी असं असतं, होस्टिंगवाले आपल्या सोयीने वाढवतात. आणि ऑफिसातली सगळी मशीन बाहेरून एकाच आयपीची दिसतात, त्यामुळे चूक एका मशीनची आणि बंद सगळेच.

सकाळी राउटर बंद-चालू केल्यावर थोडा वेळ मेल चाललं होतं, त्याचं कारणही आता कळलं, त्यांचा आयपी बदलता आहे, नवा आयपी मिळाला की तो ब्लॉक व्हायला थोडा वेळ लागायचा.

हेल्पडेस्कच्या त्या मुलाने ब्लॉक काढला, मेल सुरू झालं, आणि संध्याकाळच्या आत परत बंद. म्हणजे ऑफिसातच कोणीतरी जुना पासवर्ड पाठवत होतं. मेलबॉक्स कुठला ते विचारलं तर कागदपत्रांसाठी वेगळा ठेवलेला निघाला. तेव्हा मामा म्हणाले, मागच्या आठवड्यात अकाउंटंट सोडून गेला म्हणून आपण सगळे पासवर्ड बदलले. कॉम्प्युटरवर बदलले, फोनवर बदलले. मग राहिलं कोण? कोपऱ्यातलं मोठं झेरॉक्स मशीन, ज्यावर कागद ठेवून 'स्कॅन टू ईमेल' दाबतात. ते मशीन स्वतः त्या मेलबॉक्सचा पासवर्ड वापरून सर्व्हरला लॉगिन करतं आणि फेल झालं की आपलं आपण परत ट्राय करतं. आणि स्कॅन मेलवर दिसत नाही म्हणून ऑफिसातला मुलगा बिचारा परत परत स्कॅन करत होता, की सर्व्हरच्या खात्यात आणखी चुका.

मशीनचा आयपी त्याच्या स्क्रीनवर नेटवर्क सेटिंगमध्ये मिळतो, तो ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं सेटिंगचं पान उघडतं. एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पाठवायच्या, भागात मेलबॉक्स आणि पासवर्ड दिला, पण माणसं वापरतात त्या मेलबॉक्सचा नाही, मशीनसाठी एक वेगळाच मेलबॉक्स बनवला, म्हणजे उद्या कोणी सोडून गेलं तरी याला हात लावायला नको. तिथेच टीएलएस (कनेक्शन सुरक्षित करायची पद्धत) १.२ चालतं का तेही बघून घेतलं, कारण जुन्या मशीनमध्ये ते नसतं आणि २०२१ मध्ये टीएलएस १.० आणि १.१ अधिकृतपणे बाद झाल्यापासून बरेच सर्व्हर ते घेतच नाहीत. परत ब्लॉक काढायला सांगितला, एक पान स्कॅन केलं, आलं. त्यानंतर ब्लॉक झालेला नाही.

तुमच्याकडे असंच झालं आणि ऑफिसात कुठलंच मशीन दोषी सापडलं नाही तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे ब्रॉडबँडवाल्याने राउटरला दिलेला आयपी, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुमचा ब्रॉडबँडवाला एकच पब्लिक आयपी बऱ्याच ग्राहकांना वाटून देतोय, मग चुकीचा पासवर्ड शेजारच्या दुकानातून पण जात असू शकतो. तेव्हा होस्टिंगवाल्यांना मेलबॉक्सचं नाव जरूर विचारा, ते तुमचं नसेल तर ब्रॉडबँडवाल्याकडे स्वतंत्र स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मागणं हाच उपाय, त्याचे पैसे वेगळे पडतात पण एक्स्पोर्टच्या सीझनमध्ये ते द्यावेत.