मागच्या चाकाचे दोन नट

आज होटगी रोडच्या मैदानावर पोरांचा उभ्या स्टार्टचा, म्हणजे थांबलेल्या सायकलवरून एकदम जोर लावून सुटण्याचा, सराव होता. एका ट्रॅक सायकलचं मागचं टायर पहिल्याच दणक्यात फ्रेमला घासलं. कारण नेहमीचंच. चेन उजव्या बाजूला असते, सगळा जोर तिकडूनच येतो. नट ढिला असला की एक्सल (चाकाचा आस) उजवीकडं पुढं सरकतो आणि टायर फ्रेमच्या डाव्या नळीला जाऊन भिडतं. 15 नंबरच्या पान्यानं दोन्ही नट आळीपाळीनं आवळा, उजवा आधी.

चेन मात्र तारेसारखी ताणू नका. क्रँक पूर्ण फिरवून जिथं ती सर्वात घट्ट लागते तिथं बघा, मध्यावर साधारण 1 सेंटीमीटर हलली पाहिजे. मागचं दातेरी चक्र धरून ठेवणाऱ्या कड्याचे, म्हणजे लॉकरिंगचे, आटे उलटे असतात, चुकीच्या बाजूला जोर लावला की आटे गेलेच. या सायकलला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतंच. तपासणी रोज हवीच.

आपल्या सायकलपटू रोनाल्डो सिंगनं 2022 मध्ये दिल्लीत आशियाई ट्रॅक सायकलिंग स्पर्धेत स्प्रिंटचं (कमी अंतराच्या वेगवान शर्यतीचं) रौप्य जिंकलं, तेव्हापासून पोरं 200 मीटरची वेळ विचारतात. सपाट रस्त्यावरची वेळ ट्रॅकशी जुळवू नका रे. तिथं वळणाच्या उंचीवरून खाली येत वेग मिळतो. खरी वेळ पुण्यात बालेवाडीच्या ट्रॅकवरच लावू.