पेटीवरचं आडनाव

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५
गिरगाव

आज पहाटे जर्मनीतली घड्याळं तासभर मागे गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी परत पुढे येतात. कालपर्यंत लेकीच्या आणि आमच्या घड्याळात साडेतीन तासांचं अंतर होतं, आता साडेचार. तिचा कामावरून सुटल्यावरचा सहाचा फोन इथे साडेनऊला यायचा, आता साडेदहाला येणार. तोवर आमच्या ह्यांची अर्धी झोप झालेली असते. "सकाळी कर म्हणावं तिला," हे म्हणाले. सकाळी तिला डबा भरायचा, ट्राम पकडायची. बोलायला वेळ कुठला?

ऑगस्टमध्ये ती स्टुटगार्टला रुजू झाली. मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे, तिचं काम टेस्टिंगचं. (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत म्हणे. जन्म मुंबईत गेला, पण मला हे लेक तिकडे गेल्यावर कळलं.) नोकरीची धास्ती तिच्यापेक्षा आम्हालाच जास्त. प्रत्यक्षात तिथे ती चटकन रुळली. साडेअकराला माणसं जेवायला उठतात, शुक्रवारी दुपारीच ऑफिस ओस पडतं, वाढदिवसाचा केक ज्याचा त्यानेच आणायचा. सहा महिने प्रोबेशन आहे. ते होईल पार.

गाडी अडली ती पत्रांवर. नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, घरमालकाचं लेखी पत्र जोडून. तेवढं तिने वेळेत केलं. मग करखात्याचा अकरा आकडी नंबर येतो, तोही टपालानेच. ऑफिस तो मागत होतं, कारण नंबर नसेल तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. बँकेचं कार्ड एका लिफाफ्यात, त्याचा पिन दुसऱ्या लिफाफ्यात, दुसऱ्या दिवशी. तिच्या पेटीत मात्र पिझ्झावाल्यांच्या जाहिरातींशिवाय काही नाही. "आई, एवढा पुढारलेला देश आणि कागदावाचून ह्यांचं पान हलत नाही!" असं ती वैतागून म्हणाली, तेव्हा मला मनातून थोडं बरंच वाटलं. माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली, शेवटची वर्षं तर जीपीओत, त्या घुमटाखाली. विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला तो घुमट, १९१३ साली पुरा झालेला. यंदा १ सप्टेंबरपासून आपल्याकडचं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा मला करमलं नव्हतं.

तिला म्हटलं, "अगं, जरा खाली जा आणि व्हिडिओवर त्या पेट्या दाखव." दारातच भिंतीला पत्र्याच्या पेट्यांची रांग, प्रत्येकीवर नुसतं आडनाव. तिच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं. तिथे पत्त्यात खोली नंबर लिहायची पद्धत नाही. रस्ता, घराचा नंबर आणि आडनाव, बस्स. आडनाव दिसलं नाही की पत्र आलं तसं परत. आमच्या चाळीत नुसतं "तिसरा माळा, जिन्यालगतची खोली" लिहिलं तरी पत्र पोचतं, आणि घरात कुणी नसलं तर शेजारी पोचतं. मी म्हटलं, "मालक पाटी लावेल तेव्हा लावेल, तू आज कागदाची पट्टी चिकटव." तिने ठळक अक्षरांत आडनाव लिहून वर सेलोटेप मारला. करखात्याकडे पत्राची पुन्हा मागणी करावी लागली, ते आलंही. पण पट्टी लागल्यावर सगळ्यात पहिलं पत्र कसलं यावं? रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. घरात टीव्ही असो नसो, दर घरामागे महिना १८.३६ युरो. वसुलीवाल्यांना पत्ता बरोबर सापडतो!

दिवाळीचा फराळ मीच पॅक केला. दुधातुपाचं काही टपालाने युरोपात पाठवता येत नाही, म्हणून बेसनाचे लाडू इथेच राहिले; गेल्या चकल्या, चिवडा आणि तेलाचं मोहन घातलेली कडबोळी. कस्टमच्या फॉर्मवर एकेक जिन्नस लिहिला. भेटवस्तू ४५ युरोंच्या आत असली की ड्यूटी लागत नाही. पार्सल पोचलं पाडव्याला, तेव्हा ही ऑफिसात. कुरिअरवाल्याने ते खालच्या मजल्यावरच्या आजींकडे ठेवलं आणि पेटीत चिठ्ठी टाकली. अशा कारणाने का होईना, लेकीने त्या बिल्डिंगीत पहिल्यांदा कुणाची तरी बेल वाजवली. आजींनी चकली खाल्ली, तिखट लागली, तरी दुसरी घेतली. मग लेकीला जिन्यात नेऊन एक पाटी दाखवली. त्या भागात जिना झाडायच्या पाळ्या असतात, एकेका आठवड्याच्या. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. आठवडा संपला की त्याने ती पुढच्या दाराला अडकवायची.

काल संध्याकाळी ती पाटी लेकीच्या दारावर आली. तिने फोटो पाठवलाय. घरात झाडू नाही, आज रविवार म्हणून तिथली दुकानं बंद. उघडी असतात ती स्टेशनातली, आणि तिथे मिळतं दूध नाही तर पाव.

"इथून खराटा पाठवता येईल का गं?" ह्यांनी पांघरूण ओढता ओढता विचारलं. मी म्हटलं, पाठवेन, पण फॉर्मवर काय लिहू? भेटवस्तू, एक नग खराटा?