चोरबाजारात अॅव्हो 8 (व्होल्ट, करंट, ओहम मोजणारा जुना काट्याचा मल्टीमीटर) शोधायला जाणार असाल तर

पुण्याहून डेक्कन क्वीनने दादर, तिथून स्लो लोकलने ग्रँट रोड. शक्यतो शनिवारीच जा, शुक्रवारी चोरबाजारातली दुकानं बंद आणि रविवारी लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, बहुतेक शटर खाली. शनिवारी मीटर घेणं आणि त्याचे सुटे भाग घेणं, दोन्ही कामं एकाच फेरीत चालत उरकतात.

आधी मटन स्ट्रीट, चोरबाजारातली जुन्या वस्तूंची गल्ली. ग्रामोफोनचे भोंगे, जहाजावरचे दिवे यांच्या मागे मीटर पडलेले असतात, वाकून शोधावे लागतात. मला एक काळा अॅव्हो 8 दिसला, चामडी पट्टा तुटलेला, काच मात्र शाबूत. चाचा म्हणाले, "बंद है, शोपीस में ले जाओ." बघतो तर कटआऊटचं बटण वर आलेलं! जास्त करंट गेला की ते उडतं आणि सर्किट तुटतं, परत दाबल्याशिवाय चांगला मीटरही मेलेलाच वाटतो. दाबलं, पेन्सिल सेल 2.5 व्होल्टच्या रेंजवर लावला, काटा दीडच्या जरा वर जाऊन थांबला. अशा वेळी चेहरा कोरा ठेवायचा नाहीतर भाव तिथल्या तिथे चढतो.

सोबत 9 व्होल्टची बॅटरीपण न्या, ती 10 आणि 25 दोन्हीवर लावून बघा. एका रेंजवरच कमी दाखवत असेल तर तिथल्या रेझिस्टरचा ओहम वाढलाय, ते सुधारता येतं. पण काटा अडकत असेल किंवा काटा फिरवणारी कॉइलच गेली असेल तर फक्त काच आणि नॉबसाठी घ्या, तेही भंगाराच्या भावात. डिजिटल मीटरच्या ओहम रेंजने ती कॉइल तपासायच्या भानगडीत पडू नका, काटा टोकाला न्यायला तिला जेमतेम 37.5 मायक्रोअँपिअर लागतात, डिजिटल मीटरचा करंट त्याहून जास्त असू शकतो.

मग लॅमिंग्टन रोड. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर आरामात मिळतात, पण 1000 व्होल्टच्या रेंजसाठी एकच न लावता तीन-चार सिरीजमध्ये लावा, पाव वॅटवाला एकटा तेवढं व्होल्टेज झेलत नाही. मूळची 15 व्होल्टची बॅटरी शोधत फिरू नका, गाडीच्या रिमोटमधली 12 व्होल्टची 23ए आणि एक 3 व्होल्टचा 1220 बटण सेल सिरीजमध्ये, झाले 15. खालचा मोठा सेल गळून पत्रे हिरवे झाले असतील तर तेवढे साफ करा.

आणि हो, ओहमवर याच्या काळ्या वायरला प्लस असतो, तेव्हा डायोड उलटा दाखवला म्हणून मीटर परत उघडत बसू नका.