ओल छतावर, दोष दोन ठिकाणी

डोंबिवलीतील एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरील काकूंच्या संडासाच्या छताला ओल धरली होती. वरच्या घराचे मालक ठाण्याला राहतात आणि घर भाड्याने दिलेले आहे. मला प्लंबर म्हणून बोलावले त्याआधी एका ठेकेदाराने वरच्या संडासातील सगळ्या टाइल्स फोडून, नवा कोबा घालून वॉटरप्रूफिंग केले होते. पावसाळ्यानंतर छताचे पोपडे पुन्हा सुटू लागले आणि दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. गळती शोधण्याआधी हातोडा उचलणाऱ्या माणसांमुळे आमचा धंदा बदनाम होतो, हे मला इथे स्पष्ट लिहावेसे वाटते.

प्रथम मी नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीवरचे पाणी निघून जाण्याच्या भोकाचे, तोंड बंद करून वरच्या फरशीवर पाणी साठवले आणि चोवीस तास तसेच ठेवले. खालचा डाग जराही वाढला नाही, म्हणजे फरशी चांगली होती. नळाच्या सगळ्या लाइन बंद ठेवूनही डागात लगेच फरक दिसला नाही, पण त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण कोब्यात मुरलेले पाणी कित्येक दिवस खाली झिरपत राहते.

मग फ्लशच्या टाकीकडे वळलो. भाडेकरू ताईंकडून जिलेबीचा केशरी रंग मागून घेतला, टाकीत मिसळला आणि पाऊण तास कोणालाही फ्लश करू दिला नाही. आवाज अजिबात नव्हता, तरी पॉटच्या मागच्या भिंतीवरून केशरी रंगाची बारीक रेघ उतरत होती. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करून टाकीच्या आत पेन्सिलने पातळीची खूण केली, तर अर्ध्या तासात सुमारे तीन लिटर पाणी उतरले. हा वेग दिवसभर राहिला, तर जवळजवळ 144 लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला 135 लिटरचा हिशेब धरतात, त्यापेक्षाही हे जास्त. टाकी काढल्यावर तळाचा रबरी वॉशर कडक होऊन त्याच्या कडेवर क्षाराचा थर बसलेला दिसला.

पण पॉटमध्ये पडणारे पाणी मैला वाहून नेणाऱ्या सॉइल पाइपने निघून जायला हवे, ते छतात कसे उतरते, हा प्रश्न उरलाच. डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, उतरून टॉर्च लावली, तेव्हा उत्तर मिळाले. पॉटचे मागचे तोंड बिडाच्या पाइपात बसवून सिमेंटने भरलेले होते आणि त्या सिमेंटला नेमकी खालच्या बाजूला चीर गेली होती, जिच्या कडेला केशरी ओल होती. फ्लश केल्यावर पाण्याचा लोंढा काही सेकंदांत निघून जातो आणि चिरेत फारसे पाणी शिरत नाही. मात्र चोवीस तास तळाला चिकटून वाहणारी बारीक धार थेट त्या चिरेतून भिंतीत आणि तिथून स्लॅबमध्ये जात होती. दोनपैकी एकच दोष असता, तर कदाचित काकूंच्या छताला इतकी ओल आलीच नसती. टाइल्सखाली कितीही वॉटरप्रूफिंग केले तरी हा मार्ग बंद होणार नव्हता, आणि डक्टमध्ये एकदा डोकावले असते तर तो खर्च टळला असता.

मी वॉशर बदलला आणि टाकी पुन्हा रंग घालून तपासली. पॉट कोरडा राहिला. जॉइंटसाठी मात्र पॉट सोडवून जुने सिमेंट काढावे लागेल आणि तिथे पॉट आणि पाइप जोडणारा रबरी पॅन कनेक्टर बसवावा लागेल, हे मालकांना फोनवर सविस्तर सांगितले. ते म्हणाले, "डाग वाळत असेल तर सध्या एवढे पुरे." काही आठवड्यांत डाग खरोखर वाळला, काकूंनी छत रंगवून घेतले आणि दोन्ही घरांत पुन्हा ये-जा सुरू झाली.

माझे काम चांगले झाले असे सगळे म्हणतात, पण ते मला पटत नाही. या भागातल्या पाण्याने नवा वॉशरही पुढे कडक होईल आणि त्या चिरेतून पुन्हा गळती सुरू होईल. शिवाय ते मैल्याचे पाणी आहे, नळाचे नव्हे. बिलावर मी दोन्ही दोष स्वतंत्र लिहिले, जॉइंटसमोर "काम बाकी" असा शेरा टाकला आणि चिरेचा फोटो सेक्रेटरींकडे दिला. मालक आणि सोसायटी यांच्यापैकी डक्टमधल्या जॉइंटचा खर्च कोणी करायचा, हे अजून ठरलेले नाही. काकूंना ही गोष्ट कोणीच सांगितली नव्हती, म्हणून परवा त्या भागातून जाताना मी स्वतः सांगून आलो.