मागे राहण्याची ड्यूटी

रविवार, रात्री

पोटऱ्या भरून आल्यात, पण डोक्यात आहे तोवर लिहून टाकते.

सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, त्यामुळे पावसाळ्यात आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपला सिंहगडाशिवाय दुसरं काही सुचत नाही. आज शेपटीला मी होते. म्हणजे सगळ्यात शेवटी जो असेल त्याच्याबरोबर चढायचं, त्याला एकटं पडू द्यायचं नाही. पळणाऱ्या पोरांना ही शिक्षा वाटते. मी मागून घेतलेली आहे.

आजच्या शेवटच्या म्हणजे काकू. बँकेतून रिटायर झालेल्या, यंदाच ग्रुपमध्ये आलेल्या. पायथ्याच्या आतकरवाडीतून वर सुमारे सहाशे मीटरची चढाई, त्यात रात्रभर पाऊस पडून गेलेला. खडक शेवाळलेले, पायवाटेवर लाल चिखल. पहिल्याच खड्या टप्प्यावर त्या फासफुस करायला लागल्या आणि वरून उतरणारा एकजण नेहमीचं बोललाच, "चला काकू, आलंच आता, दहा मिनिटं!"

सिंहगडावर कुठेही विचारा, दहाच मिनिटं राहिलेली असतात. माणसं मनापासून बोलतात हे कबूल. पण दम किती पुरवायचा हे आपण शेवट किती लांब आहे त्यावर ठरवतो. दहा मिनिटांचा हिशेब धरून जोर लावला आणि पुढे पाऊण तास निघाला, की पाय आणि मन एकदमच बसतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी सरळ सांगितलं, "अजून निम्मंसुद्धा झालेलं नाही. पण सगळ्यात वाईट चढ हाच, तो संपत आला." त्या चक्क हसल्या.

मग मी त्यांना कामाला लावलं. नातवाचं विचारलं, सकाळी काय खाऊन निघालात ते विचारलं. चढताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. "पोहे... अर्धे" असे तुकडे यायला लागले की हळू व्हायचं. घड्याळात हार्टरेट बघण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, आणि समोरच्याला आपली परीक्षा चाललीय असंही वाटत नाही. मधे एका वळणावर मी म्हटलं, "गेल्या वेळी इथे बसला होतात. आज उभ्या आहात." त्या थांबून त्या दगडाकडे बघत राहिल्या. त्यांच्या लक्षातच नव्हतं.

मला वाटतं धीर देण्याचं सगळं मर्म इथेच आहे. "कमॉन कमॉन" ओरडायला काही लागत नाही. कोण काल कुठे होतं हे लक्षात ठेवायला मात्र लागतं. ग्रुपवर कुणी फोटो टाकला की पन्नास अंगठे येतात, त्यातल्या किती जणांनी तो उघडून पाहिलेला असतो देव जाणे. आणि ते "किती बारीक झालीस गं!" तर मला कौतुकच वाटत नाही. पुढच्या महिन्यात वजन दोन किलो वाढलं की तीच बाई तोंड चुकवते आणि यायचीच बंद होते.

ताकवाल्या मावशींना हे शिकवावं लागत नाही. मडकी डोक्यावर घेऊन रोज वर जाणारी माणसं ही. काकू टेकायला लागल्या तशा एक मावशी म्हणाल्या, "बसू नगा बाई, बसलं की पाय जड व्हत्यात. हुभ्यानंच प्या." कोणत्याही कोचने याहून नेमकं सांगितलं नसतं.

साताऱ्याचं मला आवडतं तेही यासाठीच. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. त्यामुळे पुढचे उतरत असतात तेव्हा मागचे अजून चढतच असतात आणि सगळे एकमेकांच्या समोरून जातात. पहिल्या फळीतला पळणारा स्वतःची वेळ सांभाळत असतानाही हात वर करतो. साताऱ्याची माणसं सकाळी सकाळी ढोल-लेझीम घेऊन दाराबाहेर आलेली असतात, पोरं टाळी द्यायला हात पुढे करून उभी. शहरातून बाहेर पडेपर्यंत हे सगळं पुरतं. घाटात मात्र आपण, आपला श्वास आणि समोरून येणारे. तिथे कुणी बिबवरचं, म्हणजे छातीवर लावलेल्या नंबराच्या कागदावरचं, नाव वाचून हाक मारली की पाठ आपोआप ताठ होते. नाव मोठ्या अक्षरात छापण्याचा तेवढा एक उपयोग.

गडाच्या पुणे दरवाजाशी आम्ही पोचलो तोवर बाकीच्यांचं पिठलं-भाकरी खाऊन झालं होतं. काकूंनी दह्याचं मडकं संपवलं आणि मंगळवारी तळजाई टेकडीवर शेजारणीला आणू का, असं विचारलं. तिला गुडघ्याचा त्रास आहे म्हणे. आणा म्हटलं, फक्त आधी डॉक्टरांना विचारून.

म्हणजे मंगळवारी शेपटीला दोघं हवीत. ग्रुपवर आत्ताच टाकते, नाहीतर सकाळी सगळे पुढे पळालेले असतील.