आमची वाटचाल: लॉगबुकातली प्रत्येक ओळ

वैमानिकांची कागदी लॉगबुके, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवलेल्या वह्या, संगणकात उतरवून देण्याचा आमचा व्यवसाय 26 जुलै 2005 च्या पुरानंतर सुरू झाला. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कलिन्यात तळमजल्यावर राहणाऱ्या एका कॅप्टनसाहेबांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातली सात लॉगबुके रात्रभर पाण्यात राहिली. नागपूरच्या फ्लाइंग क्लबात पुष्पक विमानावर शिकलेल्या, पुढे अ‍ॅव्हरो, बोइंग 737 आणि शेवटी एअरबस ए-320 उडवलेल्या माणसाचे तेहतीस वर्षांचे तास त्या सात वह्यांत होते. विलेपार्ल्यात माझ्या वडिलांचा टायपिंगचा क्लास होता आणि त्यांच्यानंतर मी तिथेच टंकलेखनाची व डीटीपीची कामे करत होते. कॅप्टनसाहेब प्लॅस्टिकच्या टबात त्या वह्या घेऊन आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा लॉगबुक म्हणजे काय हे मला ठाऊकही नव्हते.

माझ्या मावसबहिणीला मात्र ते पुरेपूर ठाऊक होते. एका विमान कंपनीच्या क्रू शेड्युलिंग विभागात तिने नऊ वर्षे काढली होती. चॉक्स (उभ्या विमानाच्या चाकांना लावायचे अडसर) निघाल्यापासून चॉक्स लागेपर्यंतचा वेळ वेगळा आणि चाके जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचा वेगळा, पी-वन म्हणजे मुख्य वैमानिक, पी-टू म्हणजे सहवैमानिक, सिम्युलेटरचे तास उड्डाणाच्या तासांत का मिळवायचे नाहीत, हे सारे तिने मला त्या ओल्या वह्यांवरच शिकवले. आम्ही अकरा दिवस पानापानांत टीपकागद घालून ती लॉगबुके पंख्याखाली सुकवली. बॉलपेनने लिहिलेली पाने जवळजवळ शाबूत होती, पण फाउंटन पेनच्या शाईने लिहिलेली धुऊन निघाली होती, आणि नेमकी तीच पाने अ‍ॅव्हरोच्या काळातली होती. ताई भागीदार झाली ती तेव्हापासून, आणि आजही प्रत्येक लॉगबुकाचे पहिले पान तीच उघडते.

आमची अवजारे साधी आहेत. सुताराकडून करून घेतलेली उतरत्या फळीची दोन लाकडी बैठकी, डावीकडून उजेड पडेल असा एक दिवा, एक भिंग, लाल चिकटपट्टी लावलेली एक फूटभर लांबीची पोलादी पट्टी आणि आकड्यांचे दोन सुटे कीपॅड. पट्टी ओळीखाली ठेवायची, ओळ टाइप करायची, पट्टी खाली सरकवायची. एवढ्या एका सवयीने ओळ गाळली जाणे किंवा तीच ओळ दोनदा टाइप होणे जवळजवळ थांबते. तेच पान दुसऱ्या दिवशी दुसरी व्यक्ती पहिलीचे काम न पाहता टाइप करते आणि मग दोन्ही प्रती संगणकावर ताडून पाहिल्या जातात. वाचता न आलेली ओळ आम्ही पिवळी करतो आणि अंदाजाने कधीही भरत नाही. कॅप्टनसाहेबांच्या अ‍ॅव्हरोच्या पानांवर अशा 26 ओळी पिवळ्या राहिल्या.

त्यांच्या कामात आम्ही जितके शिकलो तितके नंतरच्या कोणत्याही कामात शिकलो नाही. एक्सेलमध्ये तासांची बेरीज साध्या वेळेच्या मांडणीत केली की दर 24 तासांनी आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे 1500 तासांच्या जागी 12:00 दिसते. त्यासाठी मांडणीत तासाचे चिन्ह चौकटी कंसात घालावे लागते, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळले. त्याहून फसवी गोष्ट पाचव्या लॉगबुकात आढळली. 10,000 किंवा त्याहून अधिक तासांचा आकडा थेट टाइप केला तर एक्सेल त्याला वेळ न मानता मजकूर मानते आणि बेरजेत धरतच नाही. ज्येष्ठ कॅप्टनच्या ‘मागील पानावरून’ या रकान्यातला सर्वांत मोठा आकडा अशा रीतीने बेरजेतून निसटतो. तो आकडा कप्प्यात उजवीकडे न बसता डावीकडे सरकलेला दिसला, म्हणून ताईच्या लक्षात आले.

विमानतळांच्या संकेताक्षरांचा धडाही मला त्यांनीच दिला, तो मात्र पुढे 2008 मध्ये, सगळ्या नोंदी पहिल्यांदा तयार सॉफ्टवेअरमध्ये चढवल्या तेव्हा. त्यांच्या लॉगबुकात 1995 साली ‘बीएलआर’ लिहिलेले होते आणि सॉफ्टवेअरने ते उड्डाण बेंगळुरूच्या नव्या, देवनहळ्ळीच्या विमानतळावर नेऊन ठेवले. देवनहळ्ळीचा विमानतळ मे 2008 मध्ये सुरू झाला. त्याआधीचे बीएलआर म्हणजे एचएएलचा जुना विमानतळ. हैदराबादचेही तसेच आहे, कारण मार्च 2008 पूर्वीचे ‘एचवायडी’ म्हणजे शमशाबाद नसून बेगमपेट होय. ‘मी ज्या धावपट्टीवर उतरलो तीच लिही, बाळ,’ असे ते म्हणाले, आणि तेव्हापासून आमच्याकडे तारखेनुसार विमानतळ ठरवणारा वेगळा तक्ता आहे.

यानंतरची काही वर्षे कामे येत गेली आणि ती आम्ही करत गेलो. त्यांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. मला सांगायचे आहे ते 2014 बद्दल.

2011 साली बनावट गुणपत्रिकांच्या आधारे एटीपीएल (विमान कंपनीत कॅप्टन होण्यासाठी लागणारे) परवाने मिळवल्याची प्रकरणे देशभर गाजली होती आणि भारतीय वैमानिकाच्या कागदपत्रांकडे परदेशी कंपन्या जास्त बारकाईने पाहू लागल्या होत्या. अशा काळात आखाती देशातल्या एका कंपनीत मुलाखतीला जाणाऱ्या एका तरुण फर्स्ट ऑफिसरचे (सहवैमानिकाचे) काम आमच्याकडे आले. त्याचे पहिले लॉगबुक अमेरिकेतल्या प्रशिक्षणाचे होते, म्हणजे तारखेत महिना आधी आणि तास दशांशात. दशांश आम्ही नीट हाताळले. 1.3 तास म्हणजे 1 तास 18 मिनिटे, 1 तास 30 मिनिटे नव्हेत, हे आमच्या सगळ्या मुलींना पाठ होते. पण त्या लॉगबुकासाठी एका संगणकावरची तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची केली होती आणि भारतातले दुसरे लॉगबुक त्याच संगणकावरून सॉफ्टवेअरमध्ये चढवताना ती पुन्हा बदलायची राहून गेली. परिणामी 4 नोव्हेंबर 2011 चे उड्डाण 11 एप्रिल 2011 चे झाले. दिवस 12 च्या पुढचा असेल तिथे संगणकाला दुसरा अर्थ लावता येत नव्हता, त्यामुळे त्या ओळी बरोबर राहिल्या आणि चूक सलग न दिसता विखुरलेली राहिली. दोन व्यक्तींनी टाइप केलेल्या प्रती ताडण्याचे काम तोवर संपले होते, आणि सॉफ्टवेअरमध्ये चढवल्यानंतर आम्ही फक्त एकूण तास ताडून पाहत असू. तारीख उलटल्याने एकूण तासांत एका मिनिटाचाही फरक पडत नाही. आमची तपासणी नेमकी त्याच जागी आंधळी होती.

त्या मुलाच्या परवान्यावर एअरबसचे एन्डोर्समेंट, म्हणजे ते विमान उडवण्याच्या परवानगीची नोंद, सप्टेंबर 2011 मध्ये झाले होते, आणि आम्ही दिलेल्या प्रतीत तो एप्रिलपासून एअरबस उडवताना दिसत होता. मुलाखत घेणाऱ्यांनी त्याची फाइल बाजूला ठेवली. त्याच्यावर खोटेपणाचा संशय घेतला गेला आणि त्याचे कारण आम्ही होतो. मी स्वतः मूळ लॉगबुकाच्या पानांची छायाचित्रे, चुकीच्या 61 ओळींची यादी आणि आमच्या सहीचे कबुलीपत्र पाठवले, आणि सात आठवड्यांनी त्याची फाइल पुन्हा उघडली गेली. त्याला नोकरी मिळाली. आमची मात्र सुरू असलेली 14 कामे पंधरा दिवसांत परत गेली. आम्ही नवे काम घेणे थांबवले, तोपर्यंत दिलेली प्रत्येक फाइल मागवून घेतली आणि चार महिने एक रुपयाही न घेता सगळ्या तारखा कागदाशी पुन्हा ताडल्या. आणखी दोन फायलींत तीच चूक निघाली. दोघांनाही आम्ही स्वतःहून फोन केले. त्या काळातले पगार वडिलांच्या मुदतठेवीतून दिले.

याच चार महिन्यांत आमच्याकडे दोन वर्षे काम शिकून गेलेल्या एका गृहस्थांनी स्टेशनच्या पश्चिमेला स्वतःचे दुकान थाटले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण शिकलेल्या माणसाने व्यवसाय करावाच. माझी तक्रार दोन गोष्टींची आहे. आमच्या चुकीची बातमी त्यांनी वैमानिकांच्या गटांत आमच्या नावानिशी फिरवली, आणि वैमानिकांची खासगी माहिती आम्ही बाहेर विकतो असे त्यात जोडून दिले, जे कधीही घडले नव्हते. दुसरी गोष्ट त्यांच्या कामाची. ते प्रत्येक ओळ टाइप करत नाहीत. प्रत्येक पानाच्या तळाची बेरीज उचलून ती ‘पूर्वीचा अनुभव’ म्हणून एका ओळीत भरतात, आणि म्हणून त्यांचा दर आमच्या एक तृतीयांश आहे. अशा प्रतीत एकूण तास दिसतात, पण कोणत्या विमानावर पायलट-इन-कमांड (मुख्य वैमानिक) म्हणून किती, रात्रीचे किती, गेल्या सहा महिन्यांतले किती, हे विचारले की उत्तर मिळत नाही. शिवाय पानाच्या बेरजेतच चूक असेल तर ती जशीच्या तशी पुढे जाते. चौदाव्या पानावर मिनिटांचा हातचा 60 ऐवजी 100 ला धरलेला असला तर ती चूक शेवटच्या पानापर्यंत वाहत जाते, आणि हे आम्ही कितीतरी लॉगबुकांत पाहिले आहे. एका प्रशिक्षण संस्थेने आमच्याकडून 40 पानांचा नमुना विनामूल्य करून घेतला, तो पसंत असल्याचे कळवले आणि काम या गृहस्थांना दिले. ते मला आजही लागते.

हातच्याची चूक सापडली तर आम्ही ती गुपचूप दुरुस्त करत नाही. सॉफ्टवेअरमधली बेरीज खरी, कागदावरची सही केलेली. दोहोंतली तफावत वेगळ्या ओळीत पानाच्या क्रमांकासह लिहितो आणि वैमानिकाला दाखवतो. रात्रीच्या तासांबाबतही हेच करतो. बरीच सॉफ्टवेअर विमानतळांच्या ठिकाणावरून व सूर्यास्तावरून रात्र स्वतः मोजतात आणि वैमानिकाने लिहिलेला आकडा बदलून टाकतात, म्हणून ती सोय आम्ही आधी बंद करतो. 2014 नंतर तारीख आम्ही वर्षापासून सुरू करून लिहितो, महिना अक्षरांत टाइप करतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये चढवलेली माहिती पुन्हा बाहेर काढून मूळ तक्त्याशी ओळीओळीने ताडतो. पहाटे साडेचारला मुंबईहून निघालेल्या विमानाची यूटीसी (जागतिक प्रमाणवेळेची) तारीख आदल्या दिवसाची असते, हेही याच फेरीत तपासले जाते.

फ्लाइंग स्कूलमध्ये नुकत्याच दाखल झालेल्या मुलामुलींना माझे कळकळीचे सांगणे आहे. पहिल्या दिवसापासून न पुसल्या जाणाऱ्या शाईचे बॉलपेन वापरा. चुकले तर पांढरी शाई न लावता एक रेघ मारून शेजारी सही करा. पान संपले की बेरीज एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर करा. महिन्यातून एकदा पानांचे छायाचित्र काढून ठेवा. संगणकात उतरवून झाले म्हणून कागदी लॉगबुक माळ्यावर टाकू नका, कारण प्रशिक्षकाच्या सह्या आणि संस्थेचे शिक्के फक्त त्यातच असतात, आणि ते तळमजल्यावरच्या खालच्या कप्प्यात तर मुळीच ठेवू नका.

एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली आणि नोकरीच्या शोधात परदेशी अर्ज करणाऱ्या वैमानिकांची रीघ आमच्या दारात लागली. 2014 मध्ये परत गेलेल्या 14 जणांपैकी नऊ जण त्यात होते. नोव्हेंबर 2021 मध्ये डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) ई-जीसीए ही वैमानिकांच्या नोंदींचीही ऑनलाइन प्रणाली आली, तेव्हा आता आमचे काम संपले असे अनेकांनी सांगितले. प्रत्यक्षात जुने तास कुठून तरी भरावेच लागतात आणि ते कागदावरूनच येतात.

त्या 2019 च्या गर्दीतच निवृत्त होऊ घातलेल्या एका कॅप्टनचे पहिले लॉगबुक उघडताना ताई थांबली. त्यात त्यांच्या तरुणपणातल्या अ‍ॅव्हरोच्या को-पायलटच्या नोंदी होत्या आणि कॅप्टनच्या रकान्यात वारंवार आमच्या कॅप्टनसाहेबांचे नाव होते. एकच उड्डाण दोन लॉगबुकांत लिहिले जाते, हे आम्ही रोज पाहत होतो, पण या अंगाने विचार कधी केला नव्हता. दोघांना फोन केला, दोघांची लेखी परवानगी घेतली, आणि विमानाचे रजिस्ट्रेशन, तारीख व पानावर पुसट उरलेल्या खुणा जुळवत 26 पैकी 17 ओळी भरल्या. प्रत्येक ओळीच्या शेऱ्यात ती कोणाच्या लॉगबुकावरून घेतली ते लिहिले आहे. उरलेल्या नऊ ओळी अजून पिवळ्या आहेत आणि कॅप्टनसाहेब दर दिवाळीला फोन करून त्यांची चौकशी करतात.